मराठवाड्यात बसून ज्वालामुखीच्या खडकांवर संशोधन: कुणाला यायचंय का या लाइनीत?

बालाघाटी (धागा):

पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत कुणी विचारलं की सर तुमचा विषय काय आणि मी म्हणलं ज्वालामुखीचे खडक, मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक), की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'मराठवाड्यात कुठं आलाय ओ ज्वालामुखी?' आणि त्याच्या पुढचा त्याहून ठरलेला, 'मग आमच्या रानात पाणी कुठं लागंल तेवढं सांगा की.' पहिल्याचं उत्तर देईपर्यंत वाढपी भात घेऊन येतो आणि दुसऱ्याचं उत्तर पंगतीत बसून देता येत नाही, म्हणून इथं निवांत लिहितो. दोन-तीन पोरांनी मेसेज करून करिअरबद्दल पण विचारलंय, त्यांनी पण वाचा.

तर मराठवाड्यात ज्वालामुखी कुठं आहे? आपण त्याच्यावरच बसलोय. नांदेड जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग सोडला तर आठही जिल्ह्यांच्या खाली थिजलेला लाव्हाच आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तो बाहेर आला, सिनेमात दाखवतात तसा टोकदार डोंगर आणि वरून धूर असलं काही नाही. आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर भाग या खडकानं झाकलेला आहे, पूर्वी याहून जास्त होता, झिजून गेला. वेरूळ, अजिंठा, देवगिरीचा किल्ला, आमच्या अंबाजोगाईचा हत्तीखाना, सगळं याच बसाल्टात कोरलंय. कापसाची काळी जमीन पण याच्याच चुऱ्याची.

एकेक लाव्हाप्रवाह वेगळा ओळखता येतो. आमच्याकडं बहुतेक प्रवाह पाहोएहोए जातीचे, म्हणजे लाव्हा पसरताना वरची साल लगेच थिजते पण आतून गरम लाव्हा येतच राहतो, आणि तव्यावरच्या भाकरीसारखी ती साल आतून फुगत वर उचलली जाते. म्हणून प्रवाहाच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकंच भोकं, मधे एकसंध काळा फत्तर, आणि तळाला परत थोडी भोकं. दोन प्रवाहांच्या मधे कधीकधी विटकरी रंगाचा मातकट थर सापडतो, आपली माणसं त्याला गेरू म्हणतात. पुढचा लाव्हा येईस्तोवर जो काळ गेला त्यात माती झाली, राख पडली, त्याचा हा थर.

आता माझा मुद्दा. दख्खनच्या बसाल्टाचा सगळा अभ्यास सह्याद्रीत झाला. इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, रासायनिक गुणांवरून पाडलेल्या थरांच्या गटांची ही नावं जगभरच्या पेपरांत येतात. (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत अजिंठ्याचं नाव आहे, पण परदेशातला माणूस ती यादी वापरत नाही.) कारण साधं आहे, तिकडं घाट आहेत. घाटाच्या रस्त्यानं खालून वर चढत गेलं की कापलेल्या कड्यात एकावर एक पन्नास प्रवाह दिसतात. आमच्याकडं सपाट शिवार. बालाघाटाची कडा, अजिंठ्याची रांग आणि खडी क्रशरच्या खाणी सोडल्या तर उभा छेद बघायला मिळतच नाही.

पण आमच्याकडं विहिरी आहेत. दर दुसऱ्या वावरात एक, आणि उन्हाळ्यात बहुतेक कोरड्या. माझी पीएचडी आणि त्यानंतरचं निम्मं काम कोरड्या विहिरीत उतरून झालंय. एका गावात विहिरी वेगवेगळ्या उंचीवर असतात, एकीत गेरू तळाला, दुसरीत मधे, तिसरीत वरच. हे जोडत गेलं की कड्याशिवाय छेद तयार होतो. सह्याद्रीत काम केलेली काही मंडळी याला दुय्यम समजतात. माझं स्पष्ट मत आहे की मराठवाड्याच्या बसाल्टाचा नकाशा नीट करायचा असेल तर विहिरीला पर्याय नाही, आणि हे काम इथल्याच माणसानं करावं, कारण विहिरीत उतरू देणारा शेतकरी त्याचीच भाषा बोलणाऱ्याला उतरू देतो. तरी सुरुवातीला सगळ्यांना वाटतं की हा समृद्धीचा मोजणीवाला आहे नाहीतर सोनं शोधायलाय.

करिअरचं म्हणाल तर रस्ता लांबचा आहे. बीएस्सी जिऑलॉजी, एमएस्सी, मग नेट-जेआरएफ (परीक्षा आणि तिच्यावर मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती), मग पीएचडी. जेआरएफ लागली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, पण ती वेळेवर येईल असं समजून घरभाडं ठरवू नका. पीएचडीनंतर माझी कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर गेली. ज्या कॉलेजात होतो त्याचं नाव घेत नाही, तिथं दिवाळीचा पगार होळीला व्हायचा. सोयरीक जमवताना मामानं माझी ओळख 'दगडावर डॉक्टर आहे' अशी करून दिली होती, पाहुणे दवाखाना कुठंय विचारू लागले.

विचारा काय विचारायचं ते.

---

रॅप्टर_०४:
सर मस्त धागा!! मला एकच, डायनासोर आपल्या लाव्ह्यानं मेले की उल्केनं? कॉलेजात यावरून रोज भांडण होतंय.

बालाघाटी:
भांडण आमच्यात पण चालूच आहे. उल्का मेक्सिकोत चिक्शुलुबला पडली आणि सगळ्यात मोठा फटका तिचाच, असं आज बहुतेकांचं मत. प्रश्न लाव्ह्याचा वाटा किती हा आहे. २०१९ ला सायन्स या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे पेपर आले. एका गटानं झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून युरेनियम-शिशाच्या पद्धतीनं वय काढलं, त्यांच्या मते लाव्हा टप्प्याटप्प्यानं आला आणि एक मोठा टप्पा उल्केच्या थोडा आधीचा. दुसऱ्या गटानं आर्गॉनच्या पद्धतीनं काढलं, त्यांच्या मते जवळजवळ तीन चतुर्थांश लाव्हा उल्केनंतरचा. दोघांची यंत्रं उत्तम, दोघांची माणसं हुशार.

गंमत बघ, ते झिरकॉन बसाल्टात जवळपास मिळत नाहीत, ते सापडले बहुतेक या गेरूच्या थरांत, तिथं पडलेल्या राखेत.

लाव्ह्यानं जीव जातो तो वायूमुळं, प्रत्यक्ष जळून नाही. आइसलंडमध्ये १७८३ ला लाकी नावाची भेग आठ महिने वाहिली, साधारण १५ घन किलोमीटर लाव्हा. गंधकाच्या वायूनं गवत गेलं, जनावरं गेली, मग दुष्काळात तिथली पाचातली एक तरी माणसं गेली. दख्खनमधला एकेक मोठा प्रवाह त्याच्या कितीतरी पट होता. काही प्रवाह तर पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत गेले असं मानतात, जवळपास १००० किलोमीटर, जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून.

बोअरवाले मामा:
सर तुमचा गेरू शास्त्रज्ञाला गोड लागत असंल, आम्हाला नाही. गेरू लागला की भोक ढासळतं, केसिंग घालावं लागतं, पार्टी म्हणती पैसे नाहीत, मग राडा. २२ वर्षं झाली गाडी चालवतोय केज धारूर वडवणी पट्ट्यात. आम्ही दगड ओळखतो तो धुरावरून आणि हॅमरच्या आवाजावरून. काळा फत्तर असला की पांढरट बारीक पीठ येतं आणि आवाज टण्ण, मांजऱ्या लागला की चुरी जाड येती, पांढरे हिरवे खडे चमकतेत आणि रॉड सरसर खाली जातो. मांजऱ्यात पाणी, फत्तरात काय नाही, एवढं आम्हाला बी कळतं, त्याला पीएचडी कशाला

बालाघाटी:
मामा, तुम्ही आत्ता जे लिहिलं ते माझ्या एमएस्सीच्या पोरांना मी सहा महिने शिकवतो तरी परीक्षेत धड लिहित नाहीत. मांजऱ्या म्हणजे प्रवाहाचा तो वरचा भोकांचा भाग, आणि चमकणारे खडे म्हणजे झिओलाइट. लाव्हा थंड झाल्यावर फार नंतर त्या भोकांतून कोमट पाणी फिरलं आणि त्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अॅपोफिलाइट असली खनिजं वाढली. नाशिक, जळगाव, पुणे, आपल्या औरंगाबादकडच्या खाणीतली ही खनिजं जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

पण एक आहे. मांजऱ्यात पाणी 'मावतं', असतंच असं नाही. भोकं एकमेकांना जोडलेली नसतील किंवा झिओलाइटनं बुजलेली असतील तर मांजऱ्या पण कोरडाच. आणि फत्तरात भेगा असल्या तर फत्तर पण पाणी देतो. पीएचडी इथं लागते, कुठला मांजऱ्या कुठल्या गावापर्यंत जातो आणि कुठं संपतो ते सांगायला. ८०० फुटांपर्यंत भोक पाडून खाली नशीब बघण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. तसंही कायद्यानं ६० मीटरच्या खाली गेलं की ती खोल विहीर.

बोअरवाले मामा:
कायद्याचं राहू द्या ओ सर 🙏 पार्टी म्हणती अजून शंभर मारा, आपण नाही म्हणलं तर दुसरी गाडी उभीच असती. अन् आधी पाणाड्या नारळ फिरवून जागा धरून गेलेला असतो, आमच्या हातात काय.

शंकासूर:
कुणाला राग आला तर येऊ दे पण बोलतो. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, इथं माणसं कर्जापायी जीव द्यायलेत, आणि सरकारच्या पैशातून ६.६ कोटी वर्षांपूर्वी मॅग्मा कसा होता याचा अभ्यास? मॅग्मा कसा होता त्यानं कुणाच्या चुलीवर काय शिजणार आहे?

बालाघाटी:
राग नाही. मला पगार शिकवण्याचा मिळतो, मॅग्मा मी उरलेल्या वेळात करतो, बरेचदा स्वतःच्या पेट्रोलवर. आणि लातूरच्या पाण्याचा प्रश्न ऊस, धरण, पाइपलाइन, राजकारण असा सगळा आहे, तो माझ्या मायक्रोस्कोपनं सुटणार नाही, तसा दावा कधी केला नाही.

पण चुलीचं म्हणाल तर हेही ऐका. आइसलंडमध्ये २०१२ पासून कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बसाल्टात सोडला, दोन वर्षांच्या आत त्यातला बहुतेक सगळा खडकात चुनखडीच्या रूपात बसला. तसला खडक भारतात सगळ्यात जास्त कुणाकडं आहे? त्याची भोकं कुठं उघडी, कुठं बुजलेली, कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे माहीत नसताना असलं काही करायला निघणं म्हणजे मामांच्या पार्टीनं अजून शंभर मारा म्हणण्यातला प्रकार.

तेरणाकाठ:
आम्ही किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नववीत होतो, जास्त लिहित नाही. पण त्यानंतर कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमधे राहताना सगळीकडं एकच बोलणं, की खाली ज्वालामुखी जागा झालाय, जमीन गरम लागायली, विहिरीतनं वाफ निघायली. आमची आजी मरेपर्यंत तेच म्हणायची. खरंच काही होतं का?

बालाघाटी:
दादा, ज्वालामुखी नव्हता. हे मी मनानं सांगत नाहीये, नंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक पाडून बघितलंय. वरचे ३३८ मीटर बसाल्ट, त्याच्या खाली ८ मीटर गाळाचा थर, म्हणजे लाव्हा येण्याआधीची जमीन, आणि त्याच्या खाली कोट्यवधी नाही, अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाइट-नाइस जातीचा खडक. वितळलेलं काही नाही. भूकंप त्या जुन्या खडकातल्या भेगेवर झाला, दाब साचत गेला आणि एक बाजू दुसरीवर सरकली. ६.२ चा धक्का, पण फार कमी खोलीवर, आणि वर दगड-मातीची जाड भिंतीची घरं, म्हणून माणसं इतकी गेली. त्या वेळच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

भूकंपानंतर विहिरींचं पाणी वरखाली होणं, गढूळ होणं हे जगात सगळीकडं घडतं, ते ज्वालामुखीचं लक्षण नाही. भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. आजींनी जे बघितलं ते बघूनही माणूस दुसरं काय म्हणणार.

औंढेकर:
आमच्या हिंगोलीचं पण सांगा मग. २१ मार्च २०२४ ला ४.५ चा बसला, परत १० जुलैला ४.५. वसमत-कळमनुरीकडं अधूनमधून जमिनीतून गुरगुर येती, लोक रात्री बाहेर झोपतेत. आणि इथंच औंढ्याजवळ ते गुरुत्वीय लहरींचं लायगो होऊ घातलंय, २६०० कोटीचं. भूकंपाच्या जागी एवढी नाजूक मशीन काहून?

बालाघाटी:
भूकंपशास्त्र माझा विषय नाही, म्हणून आवाजाच्या कारणावर मी बोलणार नाही. लायगोला रोजची जमिनीची थरथर कमी लागते, म्हणजे रेल्वे, कारखाने, समुद्राच्या लाटा यापासून लांब, ते गणित वेगळं. कधीतरी होणारा मध्यम धक्का धरून डिझाइन करता येतं.

देगलूरकर:
मराठवाडा म्हणजे सगळा काळा दगड असं लिहू नका बरं, आमच्या देगलूर-बिलोलीकडं या, मोठमोठे गुलाबी ग्रॅनाइटचे गोटे आहेत माळावर.

बालाघाटी:
वर लिहिलंय की भाऊ, 'पूर्वेकडचा भाग सोडला तर'. आणि तुमचा भाग माझा लाडका आहे. लाव्ह्याचा थर पश्चिमेकडून पूर्वेकडं पातळ होत जातो, सह्याद्रीत किलोमीटरच्या वर, किल्लारीला ३३८ मीटर, तुमच्याकडं संपलाच. लाव्ह्याखाली काय होतं ते बिनभोकाचं बघायचं तर तुमच्याच माळावर यावं लागतं. मॅग्मा वर येताना वाटेत असला जुना ग्रॅनाइट थोडा वितळवून पोटात घेतो आणि त्याचं स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण बदलतं. बुशे गटात ही भेसळ भरपूर, आंबेनळीत सगळ्यात कमी. विहिरीतला दगड कुठल्या गटाचा हे ठरवायला आम्ही तेच वापरतो.

गारगोटी:
याच क्षेत्रातली आहे म्हणून लिहिते, आणि सर तुमच्याशी अर्धीच सहमत. विहिरींचा छेद ठीक आहे, पण विहिरीतला नमुना बहुतेक वेळा सडलेला असतो. पाण्यात वर्षानुवर्षं भिजलेल्या, झिओलाइट भरलेल्या दगडाचं पोटॅशियम, सोडियम, स्ट्रॉन्शियम सगळं हललेलं असतं, आर्गॉननं वय काढायला तर तो कुचकामी. समीक्षक पहिला हाच प्रश्न विचारतो. माझा एक पेपर यावरच परत आला होता. सह्याद्रीवाले नाकं मुरडतात ते अगदीच उगं नाही.

बालाघाटी:
मुद्दा बरोबर. म्हणून मी रसायनासाठी मांजऱ्या उचलतच नाही, प्रवाहाच्या मधला फत्तरच, तोही छिन्नीनं बाहेरची साल उडवून. आणि यंत्रात घालायच्या आधी प्रत्येकाची पातळ काच करून बघतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दगडाची चकती कापून काचेवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या पुडीवर हातानं घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायची. जाडी मोजायला पट्टी नाही, मायक्रोस्कोपमधे प्लॅजिओक्लेज या खनिजाचा रंगच सांगतो. राखाडी-पांढरा दिसला तर झालं, पिवळा दिसला तर अजून घासा, आणि चार फेऱ्या जास्त झाल्या तर दगड गेला आणि नुसती काच उरली. त्यात ऑजाइट हे खनिज ताजं दिसतं का, दगडातलाच काचेसारखा थिजलेला भाग मातकट झालाय का हे कळतं. जो सडलाय तो डब्यात. टाइटेनियम, झिर्कोनियम, नायोबियम हे फारसे हलत नाहीत, गट ठरवायला त्यांच्यावर जास्त भर.

वयासाठी मात्र तुमचंच खरं, तिथं विहीर चालत नाही.

लातूरची मीरा:
सर, माझी मुलगी बारावीला आहे. लातूरात राहून नीट न देणारी बहुतेक हीच एक 😅 तिला भूगर्भशास्त्रच घ्यायचंय. यांचं म्हणणं मुलीला रानोमाळ हिंडायचं काम कशाला. प्लीज खरं खरं सांगा, नोकरी आहे का, आणि मुलींना जमतं का?

बालाघाटी:
ताई, नोकरीचं मी सांगतो, हिंडण्याचं गारगोटी मॅडम सांगतील. बीएस्सीनंतर आयआयटी-जॅममधे जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो, त्यातून मुंबई, खरगपूर, रुरकी असल्या ठिकाणी एमएस्सी करता येते, इकडं नांदेडच्या विद्यापीठात पण विभाग आहे. पुढं यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची परीक्षा, त्यातून सर्वेक्षण विभाग आणि केंद्रीय भूजल मंडळ. गेटचा पेपर पण ठेवावा. प्राध्यापकी डोक्यात पहिल्या नंबरला ठेवू नका, भरती कधी निघेल देव जाणे. ज्वालामुखी आणि मॅग्मा हे पीएचडीला, तोवर सगळं शिकू दे तिला.

गारगोटी:
मीराताई, जमतं. अवघड काय ते पण सांगते, दिवसभर बाथरूम नाही, त्यामुळं पोरी पाणी कमी पितात आणि आजारी पडतात, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. राहायची सोय गावातल्या आशाताई किंवा बचत गटाच्या बायकांकडं करायची, त्यांना सगळं गाव माहीत असतं. कधी एकटीनं विहिरीत उतरायचं नाही, हे पोरांनाही लागू. पहिल्या वर्षी माझे वडील सोबत यायचे, झाडाखाली पेपर वाचत बसायचे. दुसऱ्या वर्षी तेच दगड उचलून 'हा घ्यायचा का गं' विचारू लागले. तुमच्या साहेबांना एकदा पाठवाच.

लातूरची मीरा:
साहेबांना वाचायला दिलंय. 'बघू' म्हणलेत, म्हणजे निम्मं काम झालं.

बोअरवाले मामा:
सर एक डोक्यात आलं. आमची रोजची चुरी वावरातच पडून राहती. दर दहा फुटाला थोडी थोडी भरून ठेवली आणि गाव, गट नंबर, किती फूट लिहिलं तर तुमच्या उपयोगाची का? विहिरीत उतरायची कटकट नाही.

बालाघाटी:
मामा!!! उपयोगाची काय विचारता. तीनशे फुटांचा छेद घरबसल्या. फक्त बोअरच्या बिटाची बटणं टंगस्टन कार्बाइडची असतात, त्यामुळं टंगस्टन-कोबाल्टचे आकडे मी धरणार नाही, बाकी चालेल. चुरी पाण्यानं एकदा धुवून वाळवायची, खोलीचा आकडा कागदावर लिहून आत टाकायचा, पिशवीवर लिहिलेलं पुसतं. आणि खताच्या गोण्या अजिबात नको, डीएपी-पोटॅशचा कण राहिला तरी आमचं फॉस्फरस-पोटॅशियमचं गणित बोंबलतं.

बोअरवाले मामा:
मग साखरेची पोती चालतील का? कारखान्यावर भाचा आहे.

बालाघाटी:
पळतील. पण पोत्यात सरळ नका भरू, चुरीला आतून किराणाची साधी प्लास्टिक पिशवी, आणि एका बोअरला एक पोतं. पहिली गाडी कुठं लावताय ते कळवा, मी येतो.

बोअरवाले मामा:
सोमवारी धारूरजवळ आहे. सकाळी सहाला या, नंतर ऊन लागतं.